सकाळी गाडी सुरू करताना येणारा खडखडाट आणि ऑइल बदलण्याचा हिशेब

सर, इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुमची १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची गाडी आठ वर्षांची असून तिचे ६८,००० किलोमीटर झाले आहेत. साताऱ्यात शाहूपुरीतील घरापासून तीन किलोमीटरवरच्या शाळेत रोजचे जाणे-येणे आणि महिन्यातून एकदोनदा दहिवडीला गावी जाणे, एवढाच तिचा वापर आहे. गेले काही आठवडे सकाळी पहिल्यांदा सेल्फ मारल्यावर बेल्टच्या बाजूने दोन-तीन सेकंद खडखड असा आवाज येतो, मग इंजिन शांत होते आणि दिवसभर तो पुन्हा ऐकू येत नाही. एका मिस्त्रींनी इंजिनातल्या टायमिंग चेनचे काम काढायला सांगितले, तर दुसऱ्यांनी २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल टाकले की आवाज बसेल असे सांगितले. शेवटचे ऑइल अकरा महिन्यांपूर्वी बदलले होते आणि त्यानंतर गाडी सुमारे ४,५०० किलोमीटर चालली आहे. पुस्तिकेत १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष असे लिहिले आहे, शेजारी मात्र दर ३,००० किलोमीटरला ऑइल बदलतात. हा आवाज धोक्याचा आहे का आणि ऑइल किती दिवसांनी बदलावे, असे तुम्ही विचारले आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. तुम्ही केलेल्या वर्णनावरून इंजिन उघडण्याची वेळ आलेली दिसत नाही, पण ऑइल आणि फिल्टर बदलण्याची वेळ मात्र निघून गेली आहे, आणि जाड ऑइल टाकून हा आवाज दाबण्याचा प्रयत्न तुम्ही अजिबात करू नये. असे का, ते समजण्यासाठी सेल्फ मारल्यानंतरच्या पहिल्या दोन सेकंदांत इंजिनात काय घडते ते पाहावे लागेल.

गाडी रात्रभर उभी राहिली की हेडमधले (म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातले), चेनच्या बाजूचे आणि ऑइलच्या नाळींमधले बरेचसे ऑइल हळूहळू खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरते. सकाळी इंजिन फिरू लागले की ऑइल पंप ते चेंबरमधून ओढतो, फिल्टरमधून ढकलतो, मग ते पिस्टन ज्याला फिरवतात त्या क्रँकच्या बेअरिंगपर्यंत आणि सर्वांत शेवटी वर हेडमध्ये व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत पोहोचते. चांगल्या इंजिनात या सगळ्याला एक-दोन सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ भागांवर चिकटून राहिलेल्या पातळ थरावरच काम भागते. मीटरवरचा लाल ऑइलचा दिवा विझतो तो दाब तयार झाला म्हणून विझतो. तो दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, हे पुष्कळ जणांना माहीत नसते. सेल्फ मारल्यावर हा दिवा चार-पाच सेकंदांनंतरही विझत नसेल, किंवा चालत्या गाडीत लागला, तर गाडी तिथेच बंद करावी, गॅरेजपर्यंत नेऊ असा विचारही करू नये.

ऑइल रात्रभरात संपूर्ण उतरू नये म्हणून फिल्टरच्या आत रबराची एक चकती बसवलेली असते. ती ऑइलला आत येऊ देते आणि मागे जाऊ देत नाही. ज्या इंजिनांत फिल्टर आडवा किंवा उलटा बसवलेला असतो, तिथे या चकतीचे महत्त्व फार असते, कारण तिने ऑइल धरले नाही तर सकाळी पंपाला आधी रिकामा फिल्टर भरावा लागतो आणि त्यानंतरच पुढच्या भागांना ऑइल मिळते. एखादा जुना फिल्टर करवतीने कापून पाहिला तर गोष्ट डोळ्यांना दिसते. चांगल्या प्रतीच्या फिल्टरमधली चकती वर्षभर वापरूनही बोटाने दाबली की वाकते आणि सोडली की परत जागेवर येते. हलक्या फिल्टरमधली चकती मात्र कडक झालेली असते, दुमडली की तिच्या कडेला बारीक भेगा दिसतात, आतल्या कागदाच्या घड्याही मोजक्याच असतात आणि त्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. नावाजलेल्या कंपनीच्या खोक्यात भरलेला नकली फिल्टर बाजारात सहज मिळतो, म्हणून बिल देणाऱ्या अधिकृत दुकानातूनच फिल्टर घ्यावा. सकाळचा खडखडाट नुकताच सुरू झाला असेल आणि मागच्या वेळी फिल्टर कोणता बसवला हे ठाऊक नसेल, तर माझा पहिला संशय फिल्टरवर जातो.

आता चेनविषयी. तुमच्या गाडीत क्रँक आणि कॅमशाफ्ट यांना जोडून एकाच ठेक्यात फिरवणाऱ्या टायमिंग बेल्टऐवजी चेन असेल, तर तिला ताणून धरणारा टेन्शनर बहुधा ऑइलच्या दाबावर चालतो. त्यात एक लहान प्लंजर असतो, त्याच्या मागे स्प्रिंग असते आणि ऑइल भरले की तो चेनच्या गाइडवर रेटून बसतो. रात्रभरात त्यातले ऑइल उतरले की सकाळी दाब येईपर्यंत चेन किंचित सैल राहते आणि गाइडवर आपटते. तुम्ही ज्याला खडखड म्हणता तो आवाज बहुतेक हाच असावा. तो दोन-तीन सेकंदांत थांबत असेल तर टेन्शनर अजून काम करतो आहे. तो वाढत वाढत पाच-सात सेकंदांवर गेला, दुपारी दोन तास उभ्या राहिलेल्या गाडीतही येऊ लागला, किंवा गाडी तापल्यावर आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, बारीक सळसळ ऐकू येऊ लागली, तर चेन लांबली आहे किंवा टेन्शनर थकला आहे असे समजावे. चेन लांबते म्हणजे तिच्या कड्या ताणल्या जातात असे नाही. तिच्या प्रत्येक पिनेची आणि बुशची थोडी थोडी झीज होते आणि शंभराहून अधिक सांध्यांची ती झीज एकत्र होऊन लांबी वाढते. या सांध्यांत मळके, पेट्रोल मिसळून पातळ झालेले ऑइल शिरले की झीज वेगाने होते, आणि म्हणूनच तुमचे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. आज जो खर्च ऑइलवर वाचवला जातो तो चार-पाच वर्षांनी चेनवर करावा लागतो.

टॅपेटचा, म्हणजे कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्ह यांच्या मधल्या भागाचा, आवाज यापेक्षा वेगळा असतो. तो बारीक, एकसारखा टकटक असा असतो आणि हेडच्या वरच्या बाजूने येतो. हायड्रॉलिक टॅपेटमधले ऑइल उतरलेले असेल तर ते पुन्हा भरेपर्यंत काही सेकंद टकटक होते आणि मग थांबते. ज्या इंजिनांत साधे, गॅप मोजून बसवायचे टॅपेट असतात, तिथे हा आवाज ऑइलने जात नाही, गॅपच तपासावा लागतो. आपले इंजिन कोणत्या प्रकारचे आहे हे न पाहता ‘टॅपेट टाइट करून देतो’ असे कोणी म्हणाले तर त्याला थांबवावे, कारण गॅप कमी पडला की व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो.

सुरू होतानाचे बाकीचे आवाज ओळखणे सोपे आहे. सेल्फ फिरत असतानाच घर्र करून दात घासल्यासारखा आवाज आला तर दोष सेल्फच्या पिनियनमध्ये किंवा फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये असतो. पावसाळी सकाळी इंजिन सुरू होताच जी किंचाळी येते ती फॅन बेल्टची असते, कारण त्याच वेळी अल्टरनेटर बॅटरी भरण्यासाठी जोर लावत असतो. थंड असताना फटफट असा आवाज येऊन इंजिन तापल्यावर तो कमी झाला, तर सायलेन्सरच्या मॅनिफोल्डची गॅस्केट पाहावी. जुन्या इंजिनात पहिली काही मिनिटे बद्द असा ठोका येतो तो पिस्टनचा असतो, कारण ॲल्युमिनियमचा पिस्टन थंड असताना लोखंडी बोअरमध्ये, म्हणजे तो ज्या नळीत वरखाली होतो तिच्यात, जरा जास्त ढिला बसतो. असे इंजिन ऑइल खात नसेल तर ते त्याच अवस्थेत पुष्कळ चालते. खरा धोक्याचा आवाज एकच आहे. खालून, चेंबरच्या बाजूने येणारा जड ठोका, जो तापल्यावर कमी होण्याऐवजी वाढतो आणि रेस दिल्यावर किंवा चढावर अधिक जोराने येतो, तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असतो. तो ऐकल्यावर गाडी चालवू नये, उचलून न्यावी. तुमचा आवाज या वर्णनात बसत नाही.

डिझेल गाडी असणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की थंड डिझेल इंजिनाची टरटर हा बहुतांशी ज्वलनाचाच आवाज असतो. बोअर थंड असल्याने फवारलेले डिझेल पेटायला क्षणभर उशीर होतो आणि मग ते एकदम पेटते. हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबून सेल्फ मारल्यास तो बराच कमी होतो. एखादा हीटर प्लग गेलेला असेल तर आवाजाबरोबर पांढरा धूरही दिसतो.

गॅरेजला जाण्यापूर्वी तुम्ही घरी काही गोष्टी कराव्यात, कारण गाडी गॅरेजपर्यंत पोहोचते तोवर तापलेली असते आणि मिस्त्रींना ऐकवायला आवाजच उरत नाही. निम्मे चुकीचे निदान इथेच होते. गाडी सपाट जागी रात्रभर उभी ठेवा. सकाळी सुरू करण्याआधी बॉनेट उघडून ऑइल मोजण्याची पट्टी काढा, पुसा, पुन्हा घाला आणि पातळी पाहा. बहुतेक लहान गाड्यांत पट्टीवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत सुमारे एक लिटरचे अंतर असते आणि पूर्ण चेंबर साधारण तीन ते साडेतीन लिटरचा असतो, त्यामुळे ऑइल खालच्या खुणेवर आले म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश ऑइल संपलेले असते. केवळ पातळी कमी असल्यामुळे खडखडाट सुरू झाल्याची उदाहरणे मी वारंवार पाहतो. गाडी उतारावर लावलेली असेल तर हे अधिक जाणवते, कारण ऑइल एका बाजूला जाते आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते.

पातळी ठीक असेल तर घरातल्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि स्वतः बॉनेटजवळ, बेल्टपासून हात व कपडे दूर ठेवून उभे राहा. मोबाइलवर आवाजासह चित्रण करा. त्यात आधी मीटरवरचा ऑइलचा दिवा किती वेळाने विझतो ते दिसू द्या आणि दुसऱ्या दिवशी इंजिनाजवळचा आवाज घ्या. दिवा विझतो त्याच क्षणी आवाज थांबत असेल तर ऑइल उशिरा पोहोचत आहे हे नक्की. आणखी एक पडताळणी आहे. इंजेक्शनच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला तर पेट्रोल बंद राहते आणि इंजिन सुरू न होता नुसते फिरते. असे चार-पाच सेकंद फिरवून, पाय काढून, मग नेहमीप्रमाणे गाडी सुरू करा. तेव्हा खडखडाट आला नाही, तर आधी फिरण्यानेच टेन्शनर भरला गेला असा त्याचा अर्थ होतो. मात्र हे एकदाच करा, बॅटरी जुनी असेल तर करूच नका. गॅरेजमध्ये गाडी आदल्या संध्याकाळी सोडून यावी आणि सकाळी मिस्त्रींसमोर पहिल्यांदा सुरू करावी. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर चेनच्या कव्हरला टेकवून त्याची मूठ कानाला लावली की अनुभवी माणसाला जागा ताबडतोब कळते.

आता जाड ऑइलचा प्रश्न. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० लिहिलेले असताना २०डब्ल्यू-५० टाकण्याचा सल्ला आपल्या भागात सर्रास दिला जातो आणि त्याने आवाज काही दिवस बसतोही, म्हणून लोकांचा विश्वास वाढतो. पहिला आकडा थंड असताना ऑइल किती सहज हलते ते सांगतो आणि दुसरा आकडा १०० अंश तापमानाला त्याचा दाटपणा सांगतो. ३० ग्रेडचे ऑइल १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स (हे दाटपणाचे एकक) असते, तर ५० ग्रेडचे १६.३ ते २१.९. आजच्या इंजिनांची बेअरिंग, टेन्शनरची छिद्रे आणि कॅमचे कोन बदलणाऱ्या यंत्रणेच्या नाळी पुस्तिकेतल्या पातळ ऑइलसाठी आखलेल्या असतात. साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पारा बारा-तेरा अंशांवर येतो, महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या परिसरात तर दवबिंदू गोठतात. अशा सकाळी दाट ऑइल आणखी दाट होते, पंपाचा दाब लगेच वाढतो, रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि बरेचसे ऑइल वर जाण्याऐवजी परत चेंबरमध्येच पडते. दिवा लवकर विझतो म्हणून सगळे ठीक वाटते, पण वरच्या भागाला ऑइल उलट उशिरा मिळते. तापलेल्या इंजिनात हेच ऑइल ढिलाईचे आवाज झाकते, म्हणजे झीज चालू राहते आणि तिची सूचना देणारा आवाज मात्र नाहीसा होतो. आवाज कमी करणाऱ्या बाटल्यांबद्दलही माझे हेच मत आहे. पुस्तिकेत एकाहून अधिक ग्रेड दिलेल्या असतील तर त्यांतली जाड निवडायला हरकत नाही, उदाहरणार्थ ५डब्ल्यू-३० आणि १०डब्ल्यू-४० दोन्ही मान्य असतील तर जास्त किलोमीटर झालेल्या गाडीत दुसरी चालेल. पुस्तिकेबाहेर जाऊ नये.

किती दिवसांनी बदलावे, याचे उत्तर किलोमीटरच्या एका आकड्यात देता येत नाही, कारण ऑइल खराब होते ते इंजिन किती तास आणि कोणत्या अवस्थेत चालले यावर. हायवेवर सरासरी ५० च्या वेगाने १०,००० किलोमीटर म्हणजे २०० तास होतात. तेच अंतर गावात सरासरी २० च्या वेगाने कापले तर ५०० तास होतात. मीटरवर दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात, पण दुसरीच्या ऑइलने अडीच पट काम केलेले असते.

त्यातही तुमच्यासारखा वापर ऑइलला सर्वांत वाईट असतो, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते, कारण तीन किलोमीटर हळूहळू जाणारी गाडी जपून वापरली जाते असाच समज असतो. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून बाहेर जाते, पण थोडी पिस्टनच्या रिंगांजवळून खाली उतरते. शिवाय थंड इंजिनाला सुरुवातीला जास्त पेट्रोल दिले जाते आणि त्यातले काही न जळता बोअरवरून ऑइलमध्ये मिसळते. इंजिन पूर्ण तापले तर हे पाणी आणि पेट्रोल ऑइलमधून उडून जाते. कूलंटचा काटा मात्र चार-पाच मिनिटांत मध्यावर येतो आणि आपल्याला इंजिन तापले असे वाटते, ऑइल तापायला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. तुमची शाळा तोवर आलेली असते. संध्याकाळी परत तसेच. असे आठवडाभर चालले की ऑइल पातळ होते, त्यात आम्ल तयार होते आणि ते मारण्यासाठी घातलेली रसायने लवकर संपतात. ऑइल भरायचे झाकण उघडून आतल्या बाजूला पिवळट दुधाळ मळी दिसते का ते पाहा. फक्त झाकणावरच असेल तर ती या ओलाव्याची खूण आहे. पट्टीवरचे ऑइलही दुधाळ दिसले आणि कूलंट कमी होत असेल, तर मामला हेड गॅस्केटचा आहे आणि गाडी लगेच दाखवावी.

म्हणून दहिवडीच्या फेऱ्या बंद करू नका. पुसेगावमार्गे तासा-दीड तासाचा तो प्रवास तुमच्या ऑइलसाठी फार चांगला आहे, कारण त्यात साठलेले पाणी आणि पेट्रोल उडून जाते. शक्य असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी सलग चालवावी. घरासमोर उभी करून वीस मिनिटे चालू ठेवणे हा त्याला पर्याय नाही, आयडलला इंजिन नीट तापत नाही आणि पेट्रोल मात्र ऑइलमध्ये उतरतच राहते.

तुमच्या गाडीसाठी माझा आकडा असा आहे: सहा महिने किंवा ५,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते. तुमच्याबाबतीत नेहमी सहा महिनेच आधी होतील. हे माझ्या मनाचे नाही. बहुतेक पुस्तिकांत मागच्या पानांवर ‘कठीण परिस्थितीतील वापर’ असा एक तक्ता असतो. त्यात लहान अंतराच्या फेऱ्या, धूळ, घाट, ओझे ओढणे आणि आयडलवर बराच वेळ चालणे या गोष्टी येतात आणि त्यांच्यासाठी मुदत बऱ्याचदा निम्मी केलेली असते. आपण पहिला तक्ता वाचतो आणि पुस्तिका मिटतो. साताऱ्याहून रोज पुण्याला हायवेने जाणाऱ्याने मात्र दर ३,००० ला ऑइल बदलण्यात अर्थ नाही. चांगले सिंथेटिक ऑइल आणि अस्सल फिल्टर असेल तर त्याला १०,००० किलोमीटर पुरेसे आहेत. तुमच्या शेजाऱ्यांची ३,००० ची सवय मिनरल ऑइल आणि कार्ब्युरेटरच्या काळातली आहे, तिने इंजिनाचे नुकसान होत नाही, पैसे जातात.

माण-खटावच्या धुळीत कच्च्या रस्त्यावर रोज फिरणाऱ्यांनी ऑइलइतकेच एअर फिल्टरकडे लक्ष द्यावे, फिल्टर फाटला किंवा त्याचे रबर नीट बसले नाही तर बारीक माती थेट बोअरमध्ये जाते आणि मग कोणतेही ऑइल इंजिन वाचवू शकत नाही. उसाच्या हंगामात कारखान्याच्या यार्डात इंजिन चालू ठेवून रांगेत उभे राहणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांनी किलोमीटरचा विचारच सोडून द्यावा आणि तासांच्या मीटरवर चालावे. पुष्कळ ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत २५० तास दिलेले असतात आणि हंगामात ते बघता बघता भरतात. मोटारसायकलमध्ये जेमतेम एक लिटर ऑइल इंजिन, गिअर आणि क्लच अशा तिघांना सांभाळते, म्हणून तिची मुदत नेहमी कमी असते. तिच्यात गाडीचे उरलेले ऑइल कधी टाकू नये, क्लच घसरतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलात बुडालेल्या क्लचच्या मोटारसायकलींसाठीचे जपानी मानक) असे लिहिलेलेच ऑइल घ्यावे. टर्बो डिझेल चालवणाऱ्यांनी पसरणीचा घाट चढून पाचगणीत पोहोचल्याबरोबर किल्ली फिरवू नये, अर्धा-एक मिनिट आयडलला ठेवावे, आणि सकाळी सुरू करताच रेस देऊ नये, कारण टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो केवळ ऑइलच्या थरावर तरंगत असतो. बीएस६ डिझेलमध्ये पट्टीवरची पातळी कमी होण्याऐवजी वाढत असेल तर आनंद मानू नये, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ होताना जादा फवारलेले डिझेल ऑइलमध्ये उतरत आहे असे समजून ते लगेच बदलावे, आणि अशा इंजिनात पुस्तिकेत सांगितलेले कमी राखेचेच ऑइल वापरावे.

ऑइल काळे झाले म्हणून ते संपले असे नसते. डिझेलचे ऑइल काहीशे किलोमीटरमध्येच काळे होते, आणि ते काजळी धरून ठेवत आहे याचीच ती खूण असते. उलट पेट्रोल गाडीचे ऑइल रंगाने बरे दिसत असताना पेट्रोल मिसळून पातळ झालेले असू शकते. पट्टीचा वास घ्या, पेट्रोलचा उग्र वास आला तर मुदत बाकी असली तरी बदला.

बदलताना गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून आणावी, म्हणजे ऑइल पातळ होऊन घाण घेऊन बाहेर पडते. ड्रेन नटचा वॉशर नवा घालावा, आणि शेवटची धार थेंबांवर येईपर्यंत थांबावे. ही दहा मिनिटे गर्दीच्या वेळी कोणी देत नाही, म्हणून स्वतः उभे राहून ती मागावीत. फिल्टर उभा बसत असेल तर तो आधी ऑइलने अर्धा भरून बसवावा आणि त्याच्या रबराला बोटाने ऑइल लावावे. डब्यावर पुस्तिकेतली ग्रेड आहे का ते पाहावे, आणि पेट्रोलसाठी एपीआय या अमेरिकन संस्थेचे एसएन किंवा त्यापुढचे एसपी मानक असावे. इंजिन फ्लशची बाटली आठ वर्षांच्या, अनियमित ऑइल बदललेल्या गाडीत टाकू नये. जुनी मळी एकदम सुटते आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसते. त्याऐवजी हे नवे ऑइल दोन हजार किलोमीटरवर किंवा तीन महिन्यांनी एकदा लवकर बदलावे, म्हणजे मळी सावकाश निघते. काढलेले ऑइल गटारात किंवा बांधावर ओतू देऊ नका. साताऱ्याचे पाणी वेण्णा-कृष्णेला मिळते आणि तेच पुढे कराड-सांगलीत लोक पितात. ते डब्यात भरून अधिकृतपणे गोळा करणाऱ्याकडे गेले पाहिजे, आणि गॅरेजला तसे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे.

ऑइल आणि अस्सल फिल्टर बदलल्यावर पंधरा दिवस रोज सकाळी लक्ष द्या. आवाज गेला किंवा सेकंदभरावर आला तर चेनचे काम काढण्याची काहीच गरज नाही. तसाच राहिला तर टेन्शनर काढून पाहावा आणि स्कॅनर लावून कॅम व क्रँकच्या जुळणीचा पी००१६ हा दोष नोंदला गेला आहे का ते तपासावे. तो दोष आणि आवाज दोन्ही असतील तर मात्र चालढकल करू नका, कारण सैल चेनने एखादा दात सोडला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि काम हेडपर्यंत जाते. तेव्हा चेन, टेन्शनर, गाइड आणि झिजले असतील तर स्प्रॉकेट असा संच एकदमच बदलून घ्या. फक्त टेन्शनर बदलून स्वस्तात भागवले तर लांबलेली चेन काही महिन्यांत पुन्हा वाजू लागते आणि मजुरी दोनदा पडते. काम होईपर्यंत गाडी ढकलून गिअरमध्ये सुरू करू नका, आणि चढ-उतारावर लावताना आधी हँडब्रेक पूर्ण ओढून मगच गिअर टाका, म्हणजे गाडीचे वजन इंजिनावर येऊन चेन उलटी ओढली जाणार नाही.